अनोळखी शहर आणि बुरख्यातला शोधक

चित्रकथांच्या आरंभकाळात, म्हणजे साधारणपणे १९३६ ते १९४१ या पाच-सहा वर्षांत, अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारच्या नायकाची घडण झाली. त्याच्या अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नसते. तो उडत नाही, भिंतीपलीकडचे पाहत नाही आणि गोळी लागली तर इतर कोणाही माणसाप्रमाणे रक्तबंबाळ होतो. गुन्ह्याचा छडा तो तर्काने, पाळतीने आणि वेळ पडली तर ठोशाने लावतो. मात्र हे काम करताना तो ठरावीक वेष चढवतो, चेहरा झाकतो आणि एक टोपणनाव धारण करतो. दिवसा तोच मनुष्य समाजात उजळ माथ्याने वावरत असतो, आणि त्याची ही दुहेरी ओळख वाचकाला ठाऊक असली तरी कथेतल्या पोलिसांना व गुन्हेगारांना ठाऊक नसते. बॅटमॅन हा या जातकुळीतला सर्वांत प्रसिद्ध नायक. पण तो पहिला नव्हे, आणि या कल्पनेवर अमेरिकेची मक्तेदारीही नव्हती, कारण त्याच काळाच्या आगेमागे मुंबईतही बुरख्यातले नायक आणि नायिका जन्माला येत होत्या.

या नायकाने चेहरा का झाकावा, याचे उत्तर कथेच्या आत बहुधा एकच दिले जाते: ओळख उघड झाली तर गुन्हेगार त्याच्या आप्तेष्टांवर सूड उगवतील. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण फौजदार, सरकारी वकील आणि न्यायाधीश हेही गुन्हेगारांच्या वाटेत उभे असतात आणि त्यांच्यापैकी कोणीही बुरखा घालून कचेरीत जात नाही. बुरख्याचे कारण नायकाच्या मनात शोधण्यापेक्षा तो ज्या वस्तीत वावरतो तेथे शोधणे अधिक फलदायी ठरते. जेथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, तेथेच चेहरा झाकण्याला अर्थ असतो. इतरत्र तो नुसता उपद्व्याप ठरतो.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. गाव अगदी लहान नाही, तेथे स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. तरीही वऱ्हाडातल्या अशा गावात माणूस चेहऱ्यावरून जेवढा ओळखला जातो, त्याहून अधिक तो चालीवरून, खाकरण्यावरून, दाराची कडी वाजवण्याच्या पद्धतीवरून ओळखला जातो. एखादा इसम अंगभर काळे कपडे घालून आणि तोंड झाकून रात्री गल्लीतून गेलाच, तर तो कोणाचा कोण याची चर्चा सकाळी पारावर सुरू होईल आणि दुपारच्या आत तिचा निकालही लागेल. शिवाय तो पोषाख शिवणारा शिंपी गावातलाच असणार, हेही विसरून चालत नाही. गावाला सोंग अपरिचित नाही. बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात उभा राहतो, खिशातून वॉरंट काढल्याचा आव आणतो, घरधन्यावर भलतेसलते आरोप यमक जुळवून ठेवतो. पोरे क्षणभर दचकतात, थोरली माणसे हसतात आणि पसाभर धान्य किंवा चार पैसे देऊन त्याची बोळवण करतात. पण त्या खेळाची सारी गंमत ते सोंग आहे हे सर्वांना ठाऊक असण्यात असते. गावातला वेष ओळखला जाण्यासाठी असतो आणि चित्रकथेतल्या नायकाचा वेष ओळख दडवण्यासाठी असतो, हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

गावगाड्यात गुन्ह्याचा तपासही होत असे आणि तोही कोणत्याही अलौकिक शक्तीवाचून. दख्खनच्या गावांत हे काम जागल्याकडे, कोठे रामोशाकडे तर कोठे भिल्लाकडे असे. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या रखवालदाराच्या कामाचे वर्णन आहे, आणि पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातही गावकामगारांच्या कर्तव्यांची चर्चा येते. चोरी झाली की रखवालदार चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेलेला दाखवता आला की पुढची जबाबदारी शेजारच्या गावावर पडे, आणि दाखवता आला नाही तर नुकसानीचा काही भार त्याच्यावर वा गावावर येई. ही पद्धत चालण्याचे कारण उघड आहे. गावात कोण रात्री घरी होता, कोण नव्हता, कोणाच्या चपलेची टाच झिजली आहे, ही माहिती रखवालदाराला तोंडपाठ असे. त्याला ना वेष लागे ना टोपणनाव; त्याचे सामर्थ्य तो सर्वांना आणि सर्व त्याला ओळखतात यातच होते.

शहरात हे ज्ञान निकामी होते. मुंबईची लोकसंख्या १९३१ च्या जनगणनेत साडेअकरा लाखांच्या वर होती, आणि त्यांतले बहुसंख्य लोक बाहेरगावांहून पोटासाठी आलेले होते. चाळीच्या एका मजल्यावर गावाइतकीच दाट ओळख असली तरी दोन गल्ल्या ओलांडल्या की मनुष्य परका होई. अशा ठिकाणी तपास करणाऱ्याने काय करावे, याचे एक जुने उत्तर मुंबईच्या पोलिसांच्या इतिहासातच सापडते. चार्ल्स फोर्जेट हा अधिकारी १८५० च्या दशकात मुंबई पोलिसांची सूत्रे सांभाळत होता. त्याचे आयुष्य हिंदुस्थानात गेलेले, येथील भाषा त्याला अस्खलित येत आणि वेषांतर करून बाजारात, गुत्त्यांत, धर्मशाळांत मिसळण्याची त्याला हातोटी होती. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (अहवाल लिहिणारे एल्फिन्स्टन ते हे नव्हेत) यांच्या बंगल्यात पहारा चुकवून तो झाडूवाल्याच्या वेषात शिरला, अशी कथा सांगितली जाते. १८५७ च्या ऑक्टोबरात सोनापूर भागातल्या एका घरी सैनिकांची गुप्त बैठक भरत असल्याचा सुगावा त्याला लागला. त्याने भिंतीला भोके पाडून स्वतः ती बोलणी ऐकली आणि सैनिकांच्या अधिकाऱ्यालाही तेथे आणून ऐकवली. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना मुंबईच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. ताडदेवच्या एका रस्त्याला अजून फोर्जेटचे नाव आहे. कंपनी सरकारच्या दृष्टीने ही चातुर्याची कमाल होती. मराठी वाचकाला या चातुर्याचे कौतुक करताना ते कोणाविरुद्ध वापरले गेले याचा विसर पडू नये, इतकेच.

फोर्जेटची पद्धत आणि चित्रकथेतल्या नायकाची पद्धत वरकरणी सारखी भासली तरी ती मुळात उलट आहे. वेषांतर करणारा गर्दीत विरघळून जातो. तो फेरीवाला, झाडूवाला किंवा फकीर होतो, म्हणजे ज्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा मनुष्य होतो. बुरख्यातला नायक मात्र लक्ष वेधून घेतो. त्याने सर्वांना दिसावे, त्याच्या नावाची वदंता पसरावी, त्याचे चिन्ह पाहून गुन्हेगाराचा थरकाप व्हावा, अशीच त्याची योजना असते. त्याचा चेहरा दडलेला असतो, तो स्वतः नव्हे. पहिला माहिती मिळवण्यासाठी वेष घेतो, दुसरा दहशत बसवण्यासाठी. या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याला साधाव्या लागतात तेव्हा गुप्तहेर आणि वीरपुरुष यांचा तो मिलाफ तयार होतो.

या मिलाफाला साहित्यात आधीपासून वाट मिळत गेली होती. बॅरोनेस ऑर्क्झी यांच्या ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ (१९०५) या कादंबरीत वरवर छानछोकी आणि निर्बुद्ध वाटणारा सरदार गुप्तपणे फ्रान्समधल्या राज्यक्रांतीच्या काळात लोकांचे प्राण वाचवतो. जॉन्स्टन मॅककली यांचा झोरो १९१९ मध्ये अवतरला, तो काळा बुरखा आणि तलवारीने कोरलेले चिन्ह घेऊन. पुढे अमेरिकेत ‘पल्प’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे हलक्या, खरबरीत कागदावर छापून अगदी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या कथामासिकांत ‘शॅडो’सारखे नायक आले. शॅडो आधी १९३० मध्ये रेडिओवरचा नुसता आवाज होता आणि १९३१ पासून वॉल्टर गिब्सन यांच्या लेखणीतून तो मासिकाचा नायक झाला. या सगळ्यांमागे अमेरिकेतील शहरांची तत्कालीन स्थिती होती. १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने टोळ्यांना अमाप पैसा मिळवून दिला होता, त्यातला काही पैसा पोलीस आणि नगरपालिकांपर्यंत झिरपत असल्याची लोकांची खात्री होती, आणि १९२९ नंतरच्या मंदीने कायदा पाळणाऱ्याच्याच पदरी उपास पडतो ही भावना बळावली होती. कायदा हवा, पण कायद्याचे रखवालदार भरवशाचे नाहीत, अशा पेचात सापडलेल्या वाचकाला पोलिसाचे काम पोलीस नसलेल्या माणसाने केलेले रुचत होते.

चित्रकथेच्या पुस्तिकेत, म्हणजे वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीपासून वेगळ्या अशा स्वतंत्र छापलेल्या अंकात, बुरखा घालून आलेला पहिला नायक म्हणून जॉर्ज ब्रेनर यांच्या ‘क्लॉक’चा, म्हणजे ‘घड्याळ’ या नावाच्या नायकाचा उल्लेख केला जातो. नोव्हेंबर १९३६ ही तारीख असलेल्या अंकांत तो प्रथम दिसला. त्याचा थाट पाहण्यासारखा आहे: अंगात सभ्य गृहस्थाचा सूट, डोक्यावर टोपी, हातात छडी आणि चेहऱ्यापुढे पडद्यासारखे लोंबणारे काळे कापड. गुन्हेगाराला धडा शिकवल्यावर तो घड्याळाची तबकडी छापलेले कार्ड मागे ठेवून जाई. त्याचे खरे नाव ब्रायन ओब्रायन. तो प्रतिष्ठित, पैसेवाला आणि कायद्याचा जाणकार. त्याच्या छडीत शस्त्र दडवलेले होते आणि शहराखाली त्याचा गुप्त अड्डा होता. बॅटमॅनचे जवळजवळ सगळे अवयव येथे हजर आहेत. फक्त पोषाखाची कल्पना अजून पल्प मासिकांच्या दारातच घोटाळते आहे. क्लॉक १९४४ पर्यंत निघत राहिला आणि मग विस्मृतीत गेला. त्याच्यापाठोपाठ ऑक्टोबर १९३८ मध्ये ‘क्रिमझन अव्हेंजर’ आणि १९३९ च्या उन्हाळ्यात विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा घालून गुन्हेगारांवर गुंगीचा वायू सोडणारा ‘सँडमॅन’ आला. दरम्यान जून १९३८ च्या अंकातून सुपरमॅन अवतरला होता आणि अंगाला चिकटलेला रंगीत पोषाख प्रकाशकांना एकदम फायद्याचा वाटू लागला होता.

मे १९३९ ही तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकातली बॅटमॅनची पहिली कथा अवघ्या सहा पानांची आहे. तिचे श्रेय दीर्घकाळ एकट्या बॉब केन यांना दिले जात असे; लेखक बिल फिंगर यांचा वाटा अधिकृतपणे मान्य व्हायला २०१५ साल उजाडले. कथेची रचना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभी ब्रूस वेन हा श्रीमंत, कंटाळलेला तरुण पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्याकडे पाइप ओढत बसलेला असतो. रसायनांच्या एका कंपनीतल्या भागीदाराचा खून झाल्याचा निरोप येतो आणि आयुक्त त्याला सहज बरोबर नेतात. तपास पुढे बुरख्यातला नायक करतो, भागीदारांतला खुनी हुडकतो, आणि शेवटच्या चौकटीत ब्रूस वेनच्या खोलीचे दार उघडून जो बाहेर येतो तो हाच नायक असल्याचे वाचकाला कळते. म्हणजे पहिल्या कथेत नायकाची ओळख हेच वाचकापुढे ठेवलेले रहस्य होते. आईवडिलांच्या खुनाची आणि खिडकीतून आत आलेल्या वटवाघळाची पूर्वकथा सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९ च्या अंकात, जेमतेम दोन पानांत उरकलेली आहे. गॉथम हे शहराचे नावही नंतर, १९४० च्या अखेरीस आले. तोवर नायक न्यूयॉर्कमध्येच वावरत होता. वाचकांना आता मूळ गाभा वाटतो तो सगळा मजकूर असा मागाहून भरत गेला, आणि आधी होते ते फक्त तीन घटक: पैसा, बुरखा आणि कोणी कोणाला ओळखत नाही असे महानगर.

पैशाचा घटक दुय्यम नाही. या पंक्तीतले बहुतेक नायक धनाढ्य असतात, कारण शक्ती नसलेल्या माणसाला तिची भरपाई विकत घ्यावी लागते: वेगवान मोटार, प्रयोगशाळा, व्यायामाला लागणारा रिकामा वेळ आणि मुख्य म्हणजे कोणी डोकावणार नाही असे स्वतंत्र घर. सामाईक गॅलरी आणि सामाईक नळ असलेल्या चाळीत राहणारा कारकून रात्री दोन वाजता पोषाख करून बाहेर पडला, तर तो जिन्यातच सापडेल. या दृष्टीने पाहिले तर बुरख्यातला नायक शहरी दारिद्र्याचा कैवारी असूनही स्वतः मात्र बंगल्यातच राहू शकतो, आणि ही विसंगती या प्रकारच्या लेखनाला कधी फारशी सतावताना दिसत नाही.

त्याच्या पोषाखातली एक बारीकशी वस्तू मात्र त्या काळाशी थेट जोडलेली आहे, ती म्हणजे हातमोजे. विसाव्या शतकाच्या आरंभी ओळख पटवण्याचे काम चेहऱ्याकडून बोटांच्या ठशांकडे गेले होते. ठशांचे वर्गीकरण करून ठेवणारे जगातले पहिले कार्यालय कोलकात्यात १८९७ मध्ये सुरू झाले आणि त्या वर्गीकरणामागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीय कर्मचाऱ्यांचे गणित होते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ही पद्धत जगभरच्या पोलिसांनी स्वीकारली. त्यामुळे नुसता चेहरा झाकून भागत नव्हते. पहिल्या कथेतला बॅटमॅन जांभळे, आखूड हातमोजे घालून वावरतो; विल आयस्नर यांचा ‘स्पिरिट’ (जून १९४०) डोळ्यांपुरता लहानसा मुखवटा घालतो, अंगात साधा निळा सूट असतो, पण हातमोजे त्यालाही सुटत नाहीत. आयस्नर यांना खरे तर वेषधारी नायक नकोच होता. प्रकाशकाने पोषाखाचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी मुखवटा आणि हातमोजे एवढ्यावर तडजोड केली, असे ते सांगत. चित्रकाराच्या सोयीचा भागही यात आहेच. स्वस्त कागदावर, चार रंगांत, तळहाताएवढ्या चौकटीत पुन्हापुन्हा तोच चेहरा ओळखू येईल असा काढणे अवघड असते. मुखवटा आणि छातीवरचे चिन्ह असले की घाईत काम करणाऱ्या चित्रकाराचा बराच ताप वाचतो.

मुंबईत हीच कल्पना पडद्यावर अमेरिकन चित्रकथांच्या आधी पोचली होती. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ हा बोलपट काढला. त्यातली राजकन्या माधुरी दुष्ट वजिराच्या कारस्थानाला तोंड देण्यासाठी मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि गरिबांची कैवारीण होते. ही भूमिका करणाऱ्या नादियाचे मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वाडियांना डग्लस फेअरबँक्स यांच्या मूक झोरोपटाचे वेड होते आणि ते त्यांच्या आधीच्या चित्रपटांतही उतरले होते. क्लॉकच्या एक वर्ष आधी आणि बॅटमॅनच्या चार वर्षे आधी परळच्या स्टुडिओत अलौकिक शक्ती नसलेली पण मुखवट्यातली नायिका तयार होती. मात्र ती शोधक नव्हती. तिच्या कथेत दुष्ट कोण हे पहिल्या रिळातच ठरलेले असते. शोधण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही.

शोध आणि बुरखा यांची गाठ मराठीत बांधली ती बाबूराव अर्नाळकर यांनी, आणि तीही चित्रांविना. चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) हे त्यांचे खरे नाव. म्हणजे वेषधारी नायकांच्या या जनकालाही टोपणनाव होतेच. त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. लहान आकाराच्या, स्वस्त कागदावर छापलेल्या त्या पुस्तिका पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरत आणि फिरून फिरून फाटत. त्यांपैकी पुष्कळांचा मागमूसही आता सहज लागत नाही, याला हेच वाचन कारण आहे. त्यांचा धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही जोडी शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांच्या वळणाची: तर्काने चालणारी, कायद्याच्या चौकटीतली. झुंजार आणि काळापहाड हे मात्र निराळ्या प्रकृतीचे. ते कायद्याच्या कडेवर उभे असतात. पोलीस त्यांच्याकडे संशयाने पाहतात, गुन्हेगार त्यांना घाबरतात, आणि जेथे न्यायालयाचा हात पोचत नाही तेथे त्यांचा पोचतो. काळापहाड हे नावच असे की ते कानावर पडताच अंगावर काहीतरी चाल करून येते असे वाटावे. रॅफल्स, आर्सेन ल्यूपँ यांच्यापासून चालत आलेल्या सभ्य वेषातल्या चोराचा वारसा या नायकांवर स्पष्ट आहे, आणि इंग्रजी रहस्यकथांची उसनवारी अर्नाळकरांच्या लेखनात भरपूर आहे. परंतु उसनी घेतलेली चौकट मुंबईत बसवताना तिचे प्रयोजन बदलले. स्वातंत्र्यापूर्वी पोलीस म्हणजे परक्या सरकारचा हात होता, तेव्हा पोलिसांवाचून मिळणाऱ्या न्यायाला वेगळीच चव होती. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हातभट्टी व चोरट्या व्यापाराचे जे जाळे पसरले, त्याने तीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शहरांची परिस्थिती येथे जवळजवळ जशीच्या तशी उभी केली. समीक्षकांनी या पुस्तिकांना साहित्याच्या पंगतीत पाट मांडला नाही. त्यांच्या भाषेत घाई आहे आणि योगायोगांचा सुळसुळाट आहे, हे खरेच. तरी कधीही मुंबई न पाहिलेल्या, खामगाव-मलकापूरकडच्या वाचकासाठी या लेखनातली मुंबई म्हणजे माणूस हरवू शकतो अशी जागा होती, आणि ही कल्पना गावातल्या अनुभवातून त्याला कधीच मिळाली नसती.

मराठी वाचकाने वेषधारी नायक चित्रांतून पाहिला तो ‘वेताळ’च्या, म्हणजे मूळ इंग्रजी ‘फँटम’च्या रूपाने. ली फॉक यांनी लिहिलेल्या आणि रे मूर यांनी चितारलेल्या ‘फँटम’ची दैनिक चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. अंगाला घट्ट बसणारा पोषाख आणि बुबुळे नसलेले पांढरे डोळे या दोन्ही गोष्टी त्याच्यापासून रूढ झाल्या. डोळ्यांची कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचे फॉक सांगत. आरंभीच्या कथेत हा नायक न्यूयॉर्कमध्ये वावरतो आणि जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण हाच तो असावा, अशी सूचनाही तेथे आढळते. कथा चालू असतानाच फॉक यांनी बेत बदलला आणि नायकाला जंगलात नेले. बदलाबरोबर अडचण आली. जंगलातल्या टोळ्यांत महानगराची अनोळख नसते. तेथे बुरख्यामागचा मनुष्य कोण, हे पिढीभरात तरी कोणाला कळल्याशिवाय कसे राहील? फॉक यांनी दिलेले उत्तर नामी आहे. नायक एक नव्हे, एकवीस. १५३६ पासून बापामागून मुलगा तोच पोषाख चढवत आला आहे, आणि लोक समजतात की चारशे वर्षे हाच एक पुरुष जिवंत आहे. शहरी नायकाला गर्दी लपवते, याला वंशावळ लपवते. चेहरा दिसला तरी ओळख पटत नाही, कारण मुळात माणसाच्या ओळखीचाच प्रश्न लोकांच्या मनात येत नाही.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, आणि १९९० पर्यंत सुमारे ८०० अंक काढलेल्या या मालिकेतून मराठीसह अनेक भारतीय भाषांत वेताळ घरोघर पोचला. भारतीय वाचकाला खटकू नयेत म्हणून काही नावे बदलण्यात आली. मूळचा बंगाला हा देश ‘डेंकाली’ झाला आणि सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. नायकाला दिलेल्या वेताळ या नावामुळे तो येथल्या एका जुन्या दैवताच्या शेजारी येऊन बसला. महाराष्ट्रात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा रखवालदार देव मानला जातो. तो रात्री शिवारात फेरी घालतो अशी समजूत आहे आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून काही ठिकाणी त्याला वहाणा वाहण्याची रीत आहे. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला चेहरा नसतो आणि त्याला बुरख्याची गरजही नसते. चित्रकथेतला वेताळ कवटीच्या गुहेत राहतो आणि ठोसा मारला की अंगठीची खूण गुन्हेगाराच्या गालावर कायमची उमटते. गावच्या देवाच्या धाकाशी या दहशतीचे नाते जुळायला मराठी वाचकाला फारसे प्रयास पडले नसावेत.

याच मालिकेत १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादुर हा भारतीय नायक आणला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. बहादुरकडे शक्ती नाही आणि बुरखाही नाही. भगवा कुर्ता आणि निळी जीन्स एवढाच त्याचा वेष. तो जयगढ नावाच्या लहान नगरात राहतो, त्याचा बाप डाकू होता हे साऱ्या नगराला ठाऊक आहे, आणि तो एकट्याने रात्री फिरण्याऐवजी नागरिकांचे सुरक्षा दल उभारून पोलिसांबरोबर काम करतो. ज्या वस्तीत बाप, आजा आणि घर सर्वांना माहीत आहे, तेथे चेहरा झाकून काही साधत नाही, हे सुरती यांनी अचूक हेरले होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगाही असाच उघड्या चेहऱ्याचा शोधक. त्याची सारी मदार सायकल, चौकस नजर आणि नको तेथे पोचण्याच्या सवयीवर असते, आणि पुण्यासारख्या त्या वेळच्या आटोपशीर शहरात ती पुरतेही.

बुरखा पुन्हा दिसतो तो मुंबईतच, आणि हिंदी चित्रकथेत. राज कॉमिक्सने १९९० च्या दशकाच्या आरंभी काढलेला डोगा हा कुत्र्याच्या तोंडाचा मुखवटा घालून मुंबईच्या रस्त्यांवर उतरतो. त्याचे खरे नाव सूरज. उकिरड्यावर सापडलेल्या या पोराला एका डाकूने वाढवलेले असते आणि कसरतीच्या आखाड्यात तयार झालेले शरीर हेच त्याचे भांडवल असते. कुत्र्यांशी असलेली त्याची जवळीक सोडली तर त्याच्यापाशी अलौकिक असे काही नाही. तो बंगल्यात राहत नाही, ही क्लॉकपासून चालत आलेल्या प्रथेतली मोठी तफावत. दुसरी तफावत अशी की त्याच्या हातात बंदूक असते आणि गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करण्यावर त्याचा विश्वास नसतो. १९३६ च्या नायकाला खुनी कोण हे आधी शोधावे लागे, पुरावा गोळा करावा लागे आणि कार्ड ठेवून निघून जावे लागे. डोगाच्या मुंबईत गुन्हेगार कोण हे सर्वांना माहीत असते, फक्त त्याला हात लावायला कोणी धजत नाही. त्यामुळे त्याच्या कथांत मुखवटा टिकून राहतो आणि तपास मात्र गळून पडतो.